दोन धपाट्यांचा खुलासा

मराठवाड्यातील निर्भीड पत्रकारितेचा इतिहास जेव्हा केव्हा लिहिला जाईल, तेव्हा त्यात आमच्या संपादकांना मानाचे पान द्यावे लागेल. सत्यासाठी सर्वस्व पणाला लावणाऱ्या मोजक्या माणसांपैकी ते एक होते. त्यांचे सर्वस्व म्हणजे आष्टीच्या बसस्थानकामागे एक पत्र्याची खोली, एक मोपेड, एक स्टीलचा थर्मास आणि दर शनिवारी निघणारे, म्हणजे साधारण सोमवारी हातात पडणारे, चार पानी साप्ताहिक. हे सगळे त्यांनी पणाला लावले ते मोबाइलवरच्या एका गेमसाठी.

मी तेव्हा आष्टीच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. ग्रंथालयात वाचणारा मी एकटाच असल्यामुळे कामाचा ताण नव्हता. संध्याकाळी संपादकांकडे जाऊन साप्ताहिकाची मुद्रिते तपासायची, एवढाच माझा सार्वजनिक जीवनातला सहभाग. मोबदल्यात ते मला काही देत नसत. द्यायला नव्हते, हे एक कारण. दुसरे म्हणजे दिले असते तर छापावे लागले असते.

छापावे लागणे ही त्यांची खोड होती. 'पत्रकारानं कुनाचं मीठ खाऊ न्हाई,' ते म्हणायचे, 'आन् खाल्लंच तर कितीक खाल्लं ते खाली लिवावं.' त्यामुळे त्यांच्या साप्ताहिकात प्रत्येक बातमीच्या खाली बारीक टायपात एक 'खुलासा' असे. आमदारांच्या पुतण्याच्या लग्नाची बातमी, आणि खाली: 'खुलासा: प्रतिनिधीने सदर लग्नात जेवण केले. जिलेबी दोनदा घेतली.' तालुक्यात पाऊस झाल्याची बातमी, आणि खाली: 'खुलासा: संपादकांची दीड एकर जमीन याच मंडळात येते.' एकदा मोटारसायकल चोरीत एकाला अटक झाली, तेव्हा लिहिले: 'खुलासा: आरोपी हा संपादकांचा सख्खा मेहुणा असून संपादकांना त्याच्याविषयी लग्नापासूनच शंका होती.' त्यानंतर बरेच दिवस संपादक कार्यालयातच जेवत आणि कार्यालयातच झोपत. त्याचाही खुलासा त्यांनी छापायला घेतला होता, तो मी मुद्रितात खोडला.

थर्मास या खोडीतूनच आला होता. पत्रकार परिषदेत बाकीचे पत्रकार समोशांकडे वळले की हे कोपऱ्यात आपल्या थर्मासचे झाकण उघडत. एका पुढाऱ्याला हे लागले. तो म्हणाला, 'संपादक, आमच्या चहात काय विष हाय का?'

'विष असतं तर घेतला असता साहेब,' संपादक म्हणाले. 'विषाचे उपकार राहत न्हाईत.'

त्यांचे दुसरे तत्त्व होते दुसऱ्या बाजूचे. ज्याच्याविरुद्ध छापायचे त्याच्या दारात स्वतः जायचे, त्याच्याविषयी जे म्हटले गेले आहे ते त्याला शब्द न् शब्द वाचून दाखवायचे आणि त्याचे म्हणणे लिहून घ्यायचे. फोनवर नाही, समक्ष. सोबत एक साक्षीदार. हा नियम ते कोणासाठीच सोडत नसत. आष्टीजवळच्या एका वस्तीवर बिबट्याने शेळी मारली, तेव्हा बातमीच्या शेवटी वाक्य होते: 'वृत्त छापायला जाईपर्यंत बिबट्याशी संपर्क होऊ शकला नाही.' लोक हसले. संपादक हसले नाहीत. ते खरोखर त्या ओढ्यापर्यंत जाऊन आले होते.

असा माणूस गेमकडे कसा वळला, हे मला कॉलेजातल्या प्राध्यापकांनी अनेकदा विचारले आहे. उत्तर सोपे आहे. पत्रकाराने वाचक असतील तिथे जावे असे त्यांचे मत होते, आणि वाचक त्यांना एके दिवशी बसस्थानकाच्या कठड्यावर सापडले. आठ-दहा पोरे माना खाली घालून बसली होती. संपादकांना वाटले, वाचतायत. जवळ जाऊन पाहिले तर जो तो एका बेटावर उतरून दुसऱ्याला गोळ्या घालत होता.

'हे रोज असतं का?' संपादकांनी विचारले.

'चोवीस तास, काका.'

'इतके लोक रोज मरतेत, आन् यावर कुनी लिवत न्हाई?'

'यावर काय लिवायचं बे,' एक जण म्हणाला, आणि मान वर करून बघितल्यावर म्हणाला, 'म्हंजी, काका.'

पुढच्या अंकात तिसऱ्या पानावर 'पडद्यावरचे मैदान' हे सदर सुरू झाले. पहिली समीक्षा मला अजून पाठ आहे. 'या बेटावर शंभर इसम विमानातून उतरवले जातात. पैकी नव्याण्णव मरण पावतात. पंचनामा होत नाही. घरे पुष्कळ आहेत, पण राहणारे कोठे गेले याचा उल्लेख नाही. पुनर्वसनाचा प्रश्न गंभीर दिसतो. पिण्याच्या पाण्याची सोय आढळली नाही. रस्ते मात्र आपल्यापेक्षा बरे आहेत. खुलासा: समीक्षक सुरुवातीलाच मरण पावला. उर्वरित खेळ त्याने एका तरुणाच्या खांद्यावरून पाहिला.'

शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने गंमत म्हणून संपादकांना ही समीक्षा कॅमेऱ्यासमोर वाचायला लावली आणि यूट्यूबवर टाकली. पांढरा सदरा, खिशाला दोन पेने, मागे भिंतीला चिकटवलेले साप्ताहिकाचे पान, आणि रेडिओवरच्या प्रादेशिक बातम्यांच्या चालीतले वाचन. पोरे हसायला आली आणि ऐकायला थांबली. पुण्या-नागपुरातून लोक ऐकू लागले. आपण चेष्टेचा विषय आहोत हे संपादकांना पुरते ठाऊक होते. 'हसू द्या की,' म्हणायचे, 'माझ्या अग्रलेखाला तर कुनी रडतबी न्हाई.'

याच काळात वडवणीच्या एका मुलीने त्यांना स्वतः बनवलेला गेम पाठवला. वडील एसटीत कंडक्टर. मुलगी रोज वडवणीहून बीडला बसने जाऊन-येऊन कॉम्प्युटर शिकली होती, आणि त्या जाण्यायेण्यातूनच तिने हा खेळ केला होता. नाव 'रुमाल'. वडवणीच्या स्टँडवर बस लागते, गर्दी धावते, आणि खेळणाऱ्याने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. रुमाल नसेल तर वही, वही नसेल तर चप्पल. जागा नाही मिळाली तर बीडपर्यंत उभे, आणि मग खेळाचा दुसरा भाग सुरू होतो. डोक्यावर गॉगल चढवलेला एक इसम, उभे राहायला पुढे-मागे मोकळी जागा असली तरी, नेमका मुलीच्या पाठीशी येऊन टेकतो. मुलीच्या ओढणीला सेफ्टीपिन असते. ती कधी काढायची, एवढेच ठरवायचे. वेळ साधली की तो इसम ड्रायव्हरने ब्रेक न लावताच दरवाजापर्यंत पोचतो.

संपादक मुलाखत घ्यायला वडवणीला गेले. आष्टीहून वडवणी म्हणजे बीडला गाडी बदलून अख्खा दिवस. त्यात वाटेत बस बंद पडली. पोचेपर्यंत उन्हे उतरली होती आणि थर्मास रिकामा झाला होता. मुलीच्या आईने ताट वाढले. संपादकांनी आपले तत्त्व सांगितले. आई म्हणाली, 'तत्त्व असू द्या, आदी खाऊन घ्या.'

समीक्षा त्यांनी मनापासून लिहिली आणि व्हिडिओतही वाचली. 'वास सोडल्यास एसटीचे चित्रण हुबेहूब आहे. कंडक्टरचा स्वभाव विशेष साधला आहे. मात्र खेळातील बस वेळेवर येते, ही निर्मातीची कल्पनाशक्ती समजावी.' दहापैकी नऊ गुण. आणि खाली, नेहमीप्रमाणे: 'खुलासा: समीक्षकाने निर्मातीच्या घरी, तिच्या आईच्या आग्रहावरून, दोन धपाटे व दही घेतले. ठेचा नको म्हटले असता वाढला. धपाट्यांचा या समीक्षेवर परिणाम झालेला नाही. ठेच्याचा दुसऱ्या दिवशी झाला.'

हा खुलासा वाचून तालुका हसला असता आणि विसरला असता. पण आष्टीजवळच्या कडा गावचा एक पोरगा गेमवर बोलणारे स्वतःचे चॅनेल चालवीत असे. गळ्यात कायम मोठे हेडफोन, म्हणून आम्ही त्याला हेडफोनवाला म्हणायचो. डोक्यावर गॉगल चढवायची सवय त्यालाही होती, आणि 'रुमाल'मधला इसम पाहून त्याला का कोण जाणे वैयक्तिक दुःख झाले. त्याने व्हिडिओ काढला: 'दोन धपाट्यांत विकली पत्रकारिता!' त्याचे म्हणणे असे, की गेमची समीक्षा निःपक्षपाती हवी, बनवणाऱ्याकडे जेवून आलेल्याला समीक्षा करण्याचा अधिकार नाही, आणि गेमिंगच्या पत्रकारितेत नैतिकता आणल्याशिवाय आपण गप्प बसणार नाही.

तालुक्यात नैतिकतेची इतकी मोठी लाट पूर्वी कधी आली नव्हती. बारावीच्या परीक्षेत मित्राला कॉपी पुरवायला खिडकीवर चढून ज्याने हात मोडून घेतला होता, तो पत्रकारितेच्या शुचितेवर लाइव्ह बोलला. ज्याला शेवटचे वर्तमानपत्र भेळीच्या कागदाच्या रूपात दिसले होते, त्याने संपादकीय स्वातंत्र्यावर पोस्ट टाकली. धपाट्याचे चित्र आणि त्यावर लाल फुली, असा फोटो बऱ्याच जणांनी डीपीला लावला.

पण धपाटे खाल्ले संपादकांनी आणि शिव्या पडल्या त्या मुलीला. संपादकांना फार तर 'म्हाताऱ्या, घरी बस' एवढेच येई. मुलीला जे येई ते इथे लिहिण्याजोगे नाही. तिचा नंबर ग्रुपांवर फिरला. गॅदरिंगमधल्या फोटोतला तिचा चेहरा कापून भलत्याच शरीरावर बसवला गेला. निम्म्या प्रतिक्रिया ती मुलगी असण्यावर होत्या, काही तिच्या आडनावावर होत्या, आणि गेमवर जवळजवळ नव्हत्याच. गेम बहुतेकांनी उघडलाही नव्हता. नैतिकतेच्या मागणीला त्याची गरज पडत नाही.

एका दुपारी ती आणि तिचे वडील आष्टीला आले. मी कार्यालयातच होतो. कंडक्टर रजेवर असल्यामुळे साध्या कपड्यांत होते, पण बोलताना त्यांचा हात सवयीने खांद्यावरच्या नसलेल्या बॅगेकडे जाई.

'साहेब, तेवढा तुमचा व्हिडिओ काढून टाका,' ते म्हणाले.

'कावून? त्यात काही चूक हाय का?'

'चूक न्हाई. चांगलं लिवलंय. त्यानंच घात झाला.'

मुलगी म्हणाली, 'काका, पुण्याच्या एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलंय. रुमाल बघूनच बोलावलंय. आन् आता पप्पा म्हणतात, गेमच काढून टाक. गेम काढला तर तिथं दाखवू काय?'

'मी काय हौसंनं म्हनतो का?' कंडक्टर म्हणाले. 'बसमंदी पोरं मला म्हंतेत, मामा, सुट्टे न्हाईत, धपाटा चालंल का. ते जाऊ द्या, मला लई जनांनी लई काही म्हनलंय. पर हिची आई फोन वाजला की दचकती. आता घरात फोन गादीखाली ठिवतो आमी. या रविवारपस्तोर बघनार. न्हाई थांबलं तर गेमबी बंद, फोनबी बंद आन् पुनंबी बंद.'

संपादकांनी दोन कप काढून पुसले. मग त्यांनी थर्मासमधला चहा दोघांना ओतून दिला. हे मी पूर्वी पाहिले नव्हते.

'चूक माझीच झाली,' ते म्हणाले.

'जाऊ द्या, तुमी काय मुद्दाम...'

'दुसरी बाजू घेतलीच न्हाई मी.'

'कुनाची?'

'या पोरांची. त्यांचा माझ्यावर आरोप हाय ना? मंग त्यांचं म्हननं समक्ष जाऊन घ्यायला पायजे. एकाएकाचं.'

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. 'काका, ते सगळे खोट्या नावानं लिहितात. कोण आहेत तेच कुणाला माहीत नाही.'

ती वडवणीची होती. हेडफोनवाल्याच्या कड्याच्या चौकात ती कधी उतरली नव्हती.

कड्याच्या चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स बारा महिने असतात. एकाचा उतरला की दुसऱ्याचा चढतो. मध्यभागी वाढदिवस असलेला तरुण, तो नेहमी कोणाशी तरी फोनवर बोलत असतो. त्याच्या खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. प्रत्येक फोटोखाली पूर्ण नाव, आणि कंसात ते नाव ज्याने त्याला मित्रमंडळी ओळखतात: कुणी 'किंग', कुणी 'शेर एकटाच', कुणी 'डॉनदादा'. आणि इंटरनेटवर तोंड लपवण्यासाठी या पोरांनी जी नावे घेतली होती ती हीच. दुसरे नाव सुचले नसेल असे नाही. पण इतके चांगले नाव असताना ते एका ठिकाणीच वापरून बाकी ठिकाणी वाया घालवणे कोणाच्याही जिवावर आले असते.

संपादकांनी सगळ्या प्रतिक्रिया मोठ्या अक्षरांत छापून घेतल्या. त्या झेरॉक्सवाल्याने छापता छापता वाचल्या, म्हणजे निम्म्या आष्टीने वाचल्या. मग मोपेडवर मागे मला साक्षीदार म्हणून बसवून ते कड्याला गेले, आणि फ्लेक्सखाली उभे राहून, मतदार यादी तपासावी तसे, प्रतिक्रियांतल्या एकेका नावापुढे खूण करत गेले.

'हे बरोबर आहे का?' मी विचारले. 'म्हणजे, पत्रकारितेच्या दृष्टीनं?'

'फोटो त्यांनीच लावलेत. नाव त्यांनीच छापलंय. मी फकस्त वाचतोय,' संपादक म्हणाले.

पहिले घर किंगचे. आई अंगणात लसूण सोलत बसली होती. संपादकांनी चपला बाहेर काढल्या, नमस्कार केला, आपले नाव, साप्ताहिकाचे नाव आणि येण्याचे कारण सांगितले. आईला एवढेच कळले की पोराचे नाव पेपरात येणार आहे. तिने आनंदाने पोराला उठवले. किंग लुंगीवर बाहेर आला.

'तुमी आमच्याबद्दल आन् वडवणीच्या एका भगिनीबद्दल काही विधान केलंय,' संपादक अत्यंत आदराने म्हणाले. 'ते छापायच्या आदी तुमच्याकडून खात्री करून घ्यायची हाय. वाचतो. चुकलं तर थांबवा.'

आणि त्यांनी वाचले. प्रादेशिक बातम्यांच्या चालीत, एकही शब्द न गाळता, स्वल्पविरामाला थांबत. आईचा लसूण पहिल्या वाक्यालाच थांबला. दुसऱ्या वाक्याला शेजारची बाई कुंपणापाशी आली. तिसऱ्या वाक्यात जो अवयव येतो, तिथे संपादकांनी नीट दिसावे म्हणून चष्मा पुसला आणि पुन्हा वाक्याच्या सुरुवातीपासून वाचले.

'हे तुमचंच विधान का?'

'न्हाई काका. ते... अकाउंट हॅक झालतं माझं.'

संपादक लिहू लागले. 'हॅक झालतं. कधी?'

'त्याच दिवशी.'

'परत कधी मिळालं?'

'त्याच... त्याच दिवशी.'

'म्हंजी त्यानं घेतलं, येवढंच लिवलं आन् परत दिलं. प्रामाणिक मानूस दिसतोय. त्याच्याबद्दल आणखी काही सांगायचंय?'

'आणखी मी सांगते,' आई उठत म्हणाली. 'थांब तू. कुटं पळतो बे मेल्या, थांब!' मग आमच्याकडे वळून, 'चहा टाकते, बसा तुमी.'

'नको आक्का. घेतला तर छापावं लागंल.'

'न्हाई न्हाई,' ती घाईने म्हणाली, 'काहीच छापू नका.'

शेर एकटाच हा एकटा नव्हता. त्याला पाच चुलते होते आणि पाचही घरी होते. सगळ्यांनी बाजेवर, पायरीवर, ट्रॅक्टरच्या टायरवर जागा घेतली. पोराची बातमी येणार म्हणून एकाने केससुद्धा विंचरले. संपादकांनी वाचून संपवले तेव्हा पाचही चुलते जमिनीकडे बघत होते. फक्त कोपऱ्यात बसलेले आजोबा कानाला हात लावून म्हणाले, 'काय म्हनलं? मला काय ऐकू आलं न्हाई. जरा मोठ्यानं वाचा.'

'आजोबा, राहू द्या,' शेर म्हणाला.

'राहू दे कावून? सगळ्यांनी ऐकलं, मीच कावून न्हाई?'

संपादकांना कोणाही नागरिकाला माहितीपासून वंचित ठेवणे मान्य नव्हते. ते उठून आजोबांच्या कानाशी गेले आणि त्यांनी पुन्हा वाचले, या वेळी समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरच्या वर आवाज लावून. ट्रॅक्टरवाल्याने ट्रॅक्टर बंद केला.

आजोबांनी शांतपणे ऐकून घेतले. मग नातवाला विचारले, 'पत्रकारितेचं काय म्हननं हाय बे तुझं यात?'

'नैतिकता पायजे असं,' शेर पुटपुटला.

'मागणी रास्त हाय,' संपादक म्हणाले. 'तीच पाळायला आलोय.'

तिसऱ्या घरी डॉनदादाची आई रस्त्यावरच उभी होती. हातात पोराचा मोबाइल. 'भाऊ, त्यानं सगळं पुसलंय. हे बघा, काहीच न्हाई आता. वाचू नका.' चौथ्या घराला कुलूप होते. पाचव्या घरी पोराचे वडील आम्हाला बघून म्हणाले की आपल्याला मुलगाच नाही. संध्याकाळपर्यंत कड्यातली नैतिकता इंटरनेटवरून जवळजवळ नाहीशी झाली. मला आनंद झाला. संपादक मात्र खिन्न होते. 'मूळ मजकूरच पुसला तर मी विचारू काय? तिघांचीच बाजू मिळाली,' ते मोपेडला किक मारत म्हणाले.

राहिला हेडफोनवाला. त्याच्या घरी जायची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी तोच तीन-चार पोरे घेऊन जीपमधून कार्यालयात आला.

'ओ संपादक! लई शहाणे झालात का? घराघरात जाऊन आयाबायांसमोर काय वाचता?'

'या या,' संपादक खुर्ची पुसत म्हणाले. 'दुसरी बाजू स्वतःच आली म्हना की. बसा.'

'बसायला न्हाई आलो. सांगायला आलो.'

'सांगा.' त्यांनी पेन उघडले. 'सावकाश सांगा, माझा हात हळू हाय.'

धमकी द्यायला आलेल्या माणसाला ती शुद्धलेखनासारखी सावकाश द्यावी लागली की तिचे काय होते, ते मी त्या दिवशी पाहिले. 'तुमाला बघून घेऊ,' तो म्हणाला. 'बघून... घेऊ,' संपादकांनी लिहिले, 'पुढं?' पुढे त्याला काही सुचेना. मग तो मूळ मुद्द्यावर आला, की फुकटचे खाऊन स्तुती करणारा पत्रकार हा पत्रकारच नव्हे, आणि घेतलेली प्रत्येक गोष्ट लोकांना सांगितली पाहिजे.

'हे शब्दशः छापू?' संपादकांनी विचारले.

'छापा की! घाबरतो का!'

'बरं. आता एकच प्रश्न. मागच्या महिन्यात तुमी पैसे लावून खेळायच्या एका पत्त्यांच्या गेमची लई स्तुती केली. चांगली केली. मी सगळी ऐकली. त्या व्हिडिओत तुमी हे हेडफोन पहिल्यांदा घातलेत, आन् यांच्यावर त्याच गेमचं चिन्ह हाय. ते विकत घेतले का आले?'

सोबतच्या पोरांपैकी एकाने वाकून हेडफोनवरचे चिन्ह पाहिले.

'दादा,' तो म्हणाला, 'आमाला तर म्हनलता दुबईहून चुलत्यानं पाठवले.'

हेडफोनवाल्याने हेडफोन काढून हातात घेतले, मग पाठीमागे नेले. 'ते... गिफ्ट हाय.'

'माझे धपाटेबी गिफ्टच होते,' संपादक म्हणाले. 'मी खाली लिवलं, तुमी न्हाई. येवढाच फरक. तुमचाबी खुलासा मी छापतो, तुमाला तरास नको.'

अंक शनिवारी निघाला, आणि पहिल्यांदाच खरोखर शनिवारीच निघाला. पहिल्या पानावर मथळा: 'समीक्षेवरील आक्षेप: आक्षेपकांची बाजू'. किंगचे म्हणणे संपूर्ण छापले होते, प्रामाणिक हॅकरसकट. शेरचे छापले होते. डॉनदादाच्या आईचे छापले होते. विधानांतला मजकूर मात्र कुठेच नव्हता. त्या जागी प्रत्येक वेळी कंसात एकच ओळ: '(सदर मजकूर कुटुंबीयांसमोर वाचून दाखवण्यात आला)'. शेवटी हेडफोनवाल्याचे नैतिकतेवरचे निवेदन शब्दशः, आणि खाली बारीक टायपात: 'खुलासा: निवेदन देताना निवेदकाच्या गळ्यात भेट मिळालेले हेडफोन होते. जाताना हातात होते.'

रविवारी कंडक्टरांचा फोन आला. पुण्या-नागपुराकडचे लोक अजून काहीबाही लिहीत होते. त्यांचे फ्लेक्स कड्यात नसल्यामुळे त्यांचे काही करता आले नव्हते. पण ओळखीच्या नावांनी येणारे थांबले होते, आणि फोन गादीखालून निघून पुन्हा फळीवर आला होता. 'जाऊ देतो तिला पुन्याला,' कंडक्टर म्हणाले. 'मीच घेऊन जातो. हिची आई म्हंती, संपादकांना धपाटे बांधून द्यायचे का?'

'नको,' संपादक पटकन म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, 'मागच्या वेळचे चांगले होते, येवढं सांगा. हे छापत न्हाई मी.'

मुलीला नोकरी लागली. माझी पुढे बदली झाली आणि आष्टी सुटली, पण 'रुमाल' माझ्या फोनमध्ये राहिला. नंतर त्याची नवी आवृत्ती आली, तिच्यात एक म्हातारा आहे: पांढरा सदरा, खिशाला दोन पेने, काखेत थर्मास. संपादकांनी ती खेळून नवी समीक्षा लिहिली आणि नऊऐवजी आठ गुण दिले. 'खुलासा: या खेळात समीक्षक स्वतः आहे. त्यापोटी एक गुण कापला.'

मी त्या म्हाताऱ्यासाठी पुष्कळ रुमाल टाकून पाहिले. वही टाकली, चप्पल टाकली. शेवटी मुलीला फोन करून विचारले, की त्याला बसायला जागा मिळवून द्यायची युक्ती काय.

'मिळत नाही काका,' ती म्हणाली. 'कुणी जागा दिली तर तो आधी विचारतो, कुणी धरली आन् कावून.'

'आणि सगळी बस रिकामी असली तर?'

'तरी नाही. तशी सोयच ठेवली नाही मी. पोरं म्हणली असती, ओळखीनं दिली.'

त्यामुळे तो अजूनही वडवणीपासून बीडपर्यंत उभाच जातो. संपादकांच्या सूचनेनुसार बस मात्र आता उशिरा येते.